आपल्याच माणसांची मालिका बंद करा, असं त्यांनी का म्हटलं असेल?

ऋता_नाशिक

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. प्रश्न अमेरिकेच्या जुन्या टीव्हीबद्दल आहे, पण तो मला का पडला ते आधी सांगते.

मी हौशी रंगभूमीवर काम करते. राज्य नाट्य स्पर्धेत तीनदा उतरले, एकदा प्राथमिक फेरीत अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. गेलं दीड वर्ष मालिकांसाठी ऑडिशन देतेय. चार ठिकाणी नाव पुढे गेलं आणि चारही वेळा भूमिका एकच, घरकामाची बाई. माझा रंग काळासावळा आहे. एका ठिकाणी तर तोंडावर सांगितलं, ‘कितीही मेकअप केला तरी तू या घरातली सून वाटणार नाहीस.’ आता पाचवी ऑफर आलीय, तीही तीच. तीन महिन्यांचं काम आहे. सोमवारी हो की नाही ते कळवायचंय.

या घालमेलीत अमेरिकेतल्या जुन्या कृष्णवर्णीय नट्यांबद्दल वाचत सुटले. यूट्यूबवर ‘ब्यूला’चे काही भाग सापडले. एबीसी वाहिनीवर १९५० ते १९५३ या काळात चाललेली ही मालिका. हेंडरसन नावाच्या गोऱ्या कुटुंबाची स्वयंपाकीण ब्यूला, घरातल्या सगळ्यांचे घोळ निस्तरते. ही भूमिका आधी एथेल वॉटर्सने केली, नंतर लुईस बीव्हर्सने. त्याआधी रेडिओवर ब्यूलाचा आवाज मार्लिन हर्ट नावाचा गोरा पुरुष काढायचा! तो वारल्यावर १९४७ मध्ये ती हॅटी मॅकडॅनियलकडे आली. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती ती, आणि तेही मोलकरणीच्याच भूमिकेसाठी.

पण पुढे वाचलं की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनेच अशा मालिकांना विरोध केला. ‘एमॉस अँड अँडी’ तर बंदच करा म्हणाले. त्या मालिकेत मुख्य कलाकार सगळे कृष्णवर्णीय होते!

एवढी वर्षं दारं बंद असताना एक दार किलकिलं झालं, तर ते आपल्याच माणसांनी का ओढून घ्यावं? आत उभ्या असलेल्या नट्यांना काय वाटलं असेल? आणि विरोध करून शेवटी पदरात काय पडलं? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा.

रंगकर्मी५८

तुझा प्रश्न रास्त आहे आणि मी त्या नटांच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो.

‘एमॉस अँड अँडी’ रेडिओवर १९२८ पासून होतं. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोघे गोरे कलाकार कृष्णवर्णीयांची बोली काढून ते करायचे. १९५१ मध्ये सीबीएसने टीव्हीवर आणलं तेव्हा खरे कृष्णवर्णीय नट घेतले. त्यातला अँडी म्हणजे स्पेन्सर विल्यम्स. हा माणूस चाळीसच्या दशकात स्वतः चित्रपट लिहून दिग्दर्शित करत होता, फक्त कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या थिएटरांसाठी. टिम मूर हा किंगफिश, रंगमंचावर आयुष्य घालवलेला विनोदवीर. त्याचं टायमिंग बघ. डोळ्यांच्या एका हालचालीवर हशा वसूल करतो. १९५३ मध्ये मालिका थांबली आणि सगळे मुख्य कलाकार कृष्णवर्णीय असलेली विनोदी मालिका मोठ्या वाहिनीवर पुन्हा यायला १९७२ साल उजाडलं, ‘सॅनफर्ड अँड सन’. एकोणीस वर्षं! नटाच्या आयुष्यातली एकोणीस वर्षं म्हणजे काय, ते आपल्यालाच कळतं. विरोध करणाऱ्यांचा हेतू चांगला होता हे मान्य, पण किंमत टिम मूरसारख्यांनी मोजली.

वैदर्भी_वकील

रंगकर्मीजी, नटांची किंमत खरी आहे, पण एनएएसीपीने नेमकं काय म्हटलं होतं ते बघा. त्यांच्या १९५१ च्या आक्षेपांत सगळ्यात वजनदार मुद्दा हा होता की टीव्हीवर कृष्णवर्णीयांचं दुसरं काहीच दिसत नाही, म्हणून बघणारा हेच खरं धरणार. आणि या एकाच मालिकेत वकील दाखवला तो लबाड, डॉक्टर दाखवला तो भोंदू. गोरा लबाड वकील दाखवला तर शेजारच्या वाहिनीवर दहा सज्जन गोरे वकील असतात. इथं अकरावा सोडा, दुसराच नव्हता. म्हणजे आक्षेप टिम मूरच्या अभिनयावर नव्हताच.

आता ‘पदरात काय पडलं’ याबद्दल. मी नागपूरला वकिली करतो, त्यामुळे मला मालिकांपेक्षा एक खटला जास्त जवळचा वाटतो.

मिसिसिपी राज्यात जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाचं टीव्ही केंद्र होतं. त्याच्या टप्प्यातली जवळजवळ ४५ टक्के वस्ती कृष्णवर्णीय. १९५५ मध्ये एनबीसीच्या कार्यक्रमात थर्गुड मार्शल बोलू लागले, तेच ज्यांनी शाळांमधला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयात हाणून पाडला. तर या केंद्राने कार्यक्रम तोडून पडद्यावर पाटी लावली, ‘क्षमस्व, केबलमध्ये बिघाड’. बिघाड काही नव्हता. एनएएसीपीचे तिथले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स कित्येक वर्षं वेळ मागत होते. त्यांना त्या केंद्रावर बोलायला मिळालं ते मे १९६३ मध्ये. जूनमध्ये त्यांच्याच घराच्या दारात त्यांना गोळी घालून मारलं.

मग युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या संपर्क विभागाने १९६४ मध्ये गुपचूप माणसं बसवून आठवडाभर त्या केंद्राचं प्रसारण बघितलं आणि मिनिटामिनिटाची टिपणं काढली. ती घेऊन परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेतली. सरकारी आयोग म्हणाला, प्रेक्षकांचा यात संबंध काय? हरकत घ्यायची तर दुसऱ्या केंद्राने घ्यावी, ज्याचं आर्थिक नुकसान होतंय त्याने. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने हे फेटाळलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती वॉरन बर्गर, पुढे सरन्यायाधीश झालेले आणि काही मोठे क्रांतिकारक म्हणून ओळखले जाणारे नव्हेत. पण ज्याच्या घरात टीव्ही आहे त्याला बोलण्याचा हक्क आहे, हे त्यांनी मानलं. १९६९ मध्ये परवाना गेला. १९७२ मध्ये त्याच केंद्राचा व्यवस्थापक म्हणून विल्यम डिल्डे हा कृष्णवर्णीय माणूस बसला.

ऋताताई, ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांची पावलं शेवटी इथवर पोचली. काय दाखवायचं हे कोण ठरवतो, तिथपर्यंत.

पैशाचंही एक सांगतो. नॅट किंग कोलचा कार्यक्रम नोव्हेंबर १९५६ ते डिसेंबर १९५७ एनबीसीवर चालला. सुटाबुटातला, शांत, गोड गळ्याचा गायक, कुणाचा नोकर नाही, कुणाचा विदूषक नाही. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफॉन्टे येऊन नाममात्र पैशांत गाऊन गेले. देशभरासाठी एकही प्रायोजक मिळाला नाही, कारण दक्षिणेतली गिऱ्हाइकं तुटतील ही भीती. शेवटी कोलनेच कार्यक्रम थांबवला आणि ‘एबनी’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकात लेख लिहून कारण सांगितलं. जाहिरात कंपन्यांचा रस्ता मॅडिसन अॅव्हेन्यू, त्याला काळोखाची भीती वाटते, हे त्याचं वाक्य.

सुमन_मिरजकर

ऋता बाळा, मी नाटकातली नाही की टीव्हीतली नाही. मी मिरजेला नर्सिंग शिकले, १९७३ मध्ये शिकागोला आले, आणि शहराच्या दक्षिण भागातल्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं बाळंतपणं केली. आमच्या वॉर्डात बायका बहुतेक कृष्णवर्णीय, नर्सेसही. मला मराठी बोलायला महिनोन् महिने कुणी नसायचं. इंग्रजी जे काय मोकळं झालं ते माझ्या हेड नर्सशी बोलून, आणि आमचं निम्मं बोलणं टीव्हीवर असायचं. म्हणून लिहितेय.

तिच्या पर्समध्ये नेहमी ‘जेट’ असायचं. हाताच्या पंजाएवढं साप्ताहिक, शिकागोतच छापलं जायचं. त्यात एक पान टीव्हीचं. या आठवड्यात कुठल्या वाहिनीवर, कुठल्या कार्यक्रमात आपलं माणूस दिसणार, त्याची यादी. गाण्याच्या कार्यक्रमातला पाहुणा असो, पोलिसी मालिकेतला दोन मिनिटांचा साक्षीदार असो, नाव छापलेलं. ती पेनानं खुणा करायची. मला पहिल्यांदा कळेना की एवढी यादी कशाला. ती म्हणाली, आमच्या लहानपणी टीव्हीवर आपलं कुणी दिसलं की आई फोन करून अख्ख्या गल्लीला उठवायची. जेवणाची ताटं तशीच टाकून लोक बघायला धावायचे.

तुझा ‘एमॉस अँड अँडी’चा प्रश्न मी तिला विचारला होता, तुझ्यासारखाच. ती म्हणाली, आमच्या घरी वडील ती मालिका बघून पोट धरून हसायचे आणि आई येऊन टीव्ही बंद करायची. दोघंही एनएएसीपीचेच वर्गणीदार! वडील म्हणायचे, किंगफिशसारखा माझा एक मामा आहे, मला हसू द्या. आई म्हणायची, उद्या मी ज्यांच्याकडे नोकरीला जाते त्यांच्या घरीही हेच लागलेलं असतं, आणि ते तुमच्या मामाला ओळखत नाहीत. मला वाटतं तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या बाईनं दिलंय. हसणारा कोण आहे आणि कुठल्या घरात बसून हसतोय, यावर सगळं होतं.

आता नर्सचं सांगते, कारण ते माझं आहे. १९६८ मध्ये एनबीसीवर ‘ज्युलिया’ आली. डायॅन कॅरल. व्हिएतनाममध्ये नवरा गमावलेली नर्स, पदरी लहान मुलगा. कृष्णवर्णीय बाई मुख्य भूमिकेत, आणि कुणाची मोलकरीण नाही. माझी हेड नर्स तेव्हा शिकत होती. तिच्या भाचीकडे ज्युलियाची बाहुली होती, मॅटेल कंपनीनं १९६९ मध्ये काढलेली, पांढऱ्या गणवेशातली. ती म्हणायची, काळ्या केसांवर ती पांढरी टोपी टीव्हीवर बघितली आणि मला वाटलं, आता कुणी मला वॉर्डात ‘झाडूवाली कुठंय’ म्हणून हाक मारणार नाही. आणि त्याच दमात म्हणायची, पण तो फ्लॅट बघितलास? नर्सच्या पगारात? मार्टिन ल्यूथर किंगना मारलं त्याच वर्षातली मालिका, आमच्या वेस्ट साइडला आगी लागल्या होत्या, दुकानं जळत होती, आणि ज्युलियाच्या घरी सगळे कसे हसून बोलतायत. खुद्द डायॅन कॅरलनंही त्याच सुमारास मुलाखतीत मान्य केलं होतं की आम्ही दाखवतोय ते गोऱ्यांना झेपेल असं पात्र आहे. म्हणजे आत उभी असलेली बाई डोळे मिटून नव्हती गं. तिला सगळं दिसत होतं, आणि तरी ती रोज सेटवर जात होती.

लोकांचा आणखी एक मोठा आक्षेप होता, घरात बाप का नाही? आमच्या घरात बाप नसतोच, असं जगाला आणखी एकदा सांगायचं कशाला? हे लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

‘गुड टाइम्स’ फेब्रुवारी १९७४ मध्ये सीबीएसवर सुरू झाली. ती आमच्या शिकागोची. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये ज्या उंच इमारती दिसतात त्या कॅब्रिनी-ग्रीनच्या, सरकारी घरांच्या, आणि ही मालिका कल्पिणाऱ्यांपैकी एरिक मॉंटे तिथंच वाढलेला. आमच्याकडे तिथून बायका बाळंतपणाला यायच्या. लिफ्ट बंद म्हणून नवव्या महिन्यात बारा-बारा जिने उतरून. मुख्य भूमिका फ्लोरिडा एव्हान्स, आणि ती कोण? आधीच्या ‘मॉड’ मालिकेतली मोलकरीण! मोलकरणीच्या पात्राला स्वतःचं घर द्यायचं ठरलं. पहिल्या विचारात ती एकटी, तीन मुलांची आई होती. एस्थर रोलनं सांगितलं, मला नवरा हवा. मुलांना बाप हवा. नाहीतर मी करत नाही. आणि जेम्स एव्हान्स आला, जॉन एमॉस. दोन-दोन नोकऱ्या करणारा, तापट, मुलांसाठी जीव टाकणारा. आमच्या विश्रांतीच्या खोलीत लहान टीव्ही होता, अँटेनाला चांदीचा कागद गुंडाळलेला. तो जेम्स दारातून आत आला की वॉर्डबॉयसुद्धा हातातलं काम ठेवून बघायचे. मला माझे वडील आठवायचे, मिरज जंक्शनात फिटर होते, संध्याकाळी असेच दारात उभे राहून आधी सगळ्यांची तोंडं मोजायचे.

पण मग मोठा मुलगा जेजे फार चालला. जिमी वॉकर. एक शब्द ओरडायचा, ‘डायनोमाइट!’ आणि प्रेक्षक कोसळायचे. लेखकांनी त्यालाच वाढवत नेला. टोपी, नाचरे हातवारे, शाळा नाही, काम नाही. एस्थर रोल १९७५ मध्ये ‘एबनी’त उघड बोलली की या मुलाला तुम्ही काय करून ठेवलंय, आणि हा आमच्या मुलांपुढं काय म्हणून ठेवताय. जॉन एमॉस लेखकांशी भांडायचा की आमच्या घरात असं बोलत नाहीत. शेवटी त्यालाच काढलं. सप्टेंबर १९७६ मध्ये जेम्स एव्हान्स मिसिसिपीत मोटार अपघातात गेला, असं दाखवलं. तार येते तेव्हा घरात सामान बांधून ठेवलेलं असतं, सगळे त्याच्याकडे राहायला जाणार असतात. त्या संध्याकाळी माझी हेड नर्स काही बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘भांडून आणलेला बाप होता.’ पुढच्या वर्षी एस्थर रोलही सोडून गेली. मग वर्षभरानं परतली, जेजेला सुधारा या अटीवर.

आणि बघ, जेम्स मेला त्याला पाच महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९७७. शिकागोत हाडं फोडणारी थंडी, महिनाभर पारा गोठणबिंदूच्या वर येईना. २३ ते ३० जानेवारी, सलग आठ रात्री, एबीसीवर ‘रूट्स’. आफ्रिकेतून धरून आणलेला कुंटा किंटे, आणि त्याच्या पोटच्या पिढ्या. तरुणपणीचा कुंटा लेव्हार बर्टन. आणि मोठेपणीचा कोण? जॉन एमॉस! आमच्या खोलीत एकदम आरडाओरडा झाला, ‘जेम्स! जेम्स आला!’ आणि थोड्याच वेळात पळून जाताना पकडून त्याचा अर्धा पाय कुऱ्हाडीनं तोडतात. सगळ्या गप्प झाल्या.

माझी पाळी तीन ते अकरा. त्या आठ दिवसांत रात्री आठ ते दहा बेल वाजायची नाही. कळा देणाऱ्या बायकासुद्धा टीव्ही लावून मागायच्या. चाबकाचे फटके मारून कुंटाकडून ‘माझं नाव टोबी’ असं वदवून घेतात, तो प्रसंग चालू असताना एक पहिलटकरीण माझा हात धरून होती. कळ नव्हती, तरी दाबत होती. शेवटच्या रात्री देशातले दहा कोटी लोक बघत होते म्हणतात. आमच्या वॉर्डात झोपलेलं कुणी नव्हतं, हे मी सांगू शकते.

त्यानंतरच्या महिन्यांत पाळण्यावरची नावाची कार्डं लिहायचं काम माझ्याकडे होतं. कुंटाच्या मुलीचं नाव किझी. फेब्रुवारीत मी पहिली किझी लिहिली, मार्चमध्ये आणखी, मग स्पेलिंग विचारायचंही सोडलं. आजोबा-पणजोबांची नावं जॉन्सन, विल्यम्स, कुणा मालकाची चिकटलेली, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एक बाई म्हणाली, हे नाव तरी माझ्या बाजूचं आहे.

रंगकर्मी, टिम मूरचं तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण १९५१ मध्ये कुणी ‘हे नको’ म्हणून ओरडलं नसतं, तर १९७४ मध्ये एस्थर रोलच्या ‘नवरा हवा’ला कुणी विचारलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

अंतराळ_वेडा

सुमनमावशी, काय लिहिलंत! मी थोडीच भर घालतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ बघितलेल्यांना उहुरा आठवेल. निशेल निकल्स. स्वाहिलीतल्या ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य या शब्दावरून नाव. १९६६ मध्ये अवकाशयानावर अधिकारी असलेली कृष्णवर्णीय बाई! पण संवाद कापले जायचे, वाक्य एखाद-दुसरं उरायचं, म्हणून ती पहिल्या वर्षानंतर सोडणार होती. राजीनामा देऊनही झाला होता. एनएएसीपीच्या समारंभात मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि त्यांनी तिला सोडू नकोस म्हणून विनवलं. पुढे १९७७ मध्ये नासाने तिला अंतराळवीरांच्या भरतीसाठी देशभर फिरवलं. आणि १९९२ मध्ये अवकाशात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिने सांगितलंय की लहानपणी उहुराला बघितलं होतं. तीही शिकागोतच वाढलेली. म्हणजे एकाच लढ्यातले लोक कुठे ‘बंद करा’ म्हणत होते आणि कुठे ‘सोडू नकोस’.

ऋता_नाशिक

मी हे सगळं दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. वकीलदादा, ‘केबलमध्ये बिघाड’ डोक्यातून जात नाहीये. रंगकर्मी काका, टिम मूर बघितला, तुम्ही म्हणता तसाच आहे.

सुमनमावशी, एक विचारू? एस्थर रोल अट घालू शकली कारण ती तोवर ‘मॉड’मध्ये गाजली होती. माझ्याकडे अट घालण्यासारखं काही नाही. मी नाही म्हटलं तर दुसरी कुणी करेल. मग हो म्हणू की नको?

सुमन_मिरजकर

हो की नको ते मी सांगणार नाही गं, तुझ्या घरचं भाडं मला माहीत नाही. पण मार्ला गिब्जचं सांगते.

‘द जेफरसन्स’मध्ये फ्लोरेन्स नावाची मोलकरीण. १९७५ मध्ये सुरू झाली. ड्रायक्लीनिंगची दुकानं काढून श्रीमंत झालेला कृष्णवर्णीय माणूस, आणि त्याच्या घरी कामाला कृष्णवर्णीय बाई. मार्ला गिब्ज पहिल्या भागात एका छोट्या प्रसंगापुरती होती. दारात उभं राहून तिनं असं एक वाक्य टाकलं की तिला कायमची ठेवून घेतलं. फ्लोरेन्स मालकाला कधी घाबरली नाही. दार उघडायला उठायची नाही, उलट उत्तर द्यायची. आम्ही त्या उत्तरांची वाट बघायचो. पण गिब्जनं विमान कंपनीतली आरक्षणाची नोकरी पहिली काही वर्षं सोडली नव्हती. दिवसा फोनवर तिकिटं, आणि मग शूटिंग. मोलकरणीच्या भूमिकेवर पोट सोपवायचं नाही, हे तिनं ठरवलेलं दिसतं.

आणि तेव्हाच तिनं एक नाटक हाताशी धरलं. क्रिस्टीन ह्यूस्टन या शिकागोच्या लेखिकेचं, शिकागोतल्याच एका इमारतीतल्या कृष्णवर्णीय बायकांचं. ते लॉस एंजेलिसला रंगमंचावर केलं, त्यात स्वतः मुख्य भूमिका केली. त्या नाटकाचीच पुढे ‘२२७’ ही मालिका झाली, एनबीसीवर १९८५ ते १९९०. मोलकरीण नाही, घरची बाई. त्यातल्या जॅके हॅरीला १९८७ मध्ये एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं. मार्ला गिब्जही आमच्या शिकागोचीच बरं का.

मला तुला एवढंच विचारायचंय. तुझ्या त्या मालिकेतल्या बाईचं नाव काय आहे? तिला घर दाखवलंय का? ब्यूलाला नव्हतं. तिचा बिल जॅक्सन तिच्याशी लग्न करीन म्हणायचा आणि शेवटपर्यंत केलं नाही, म्हणून ती कायम हेंडरसनांच्या स्वयंपाकघरातच.

ऋता_नाशिक

नाव मंदा आहे. आडनाव नाही. काल पाठवलेली पानं आत्ता परत काढून बघितली. एकवीस प्रसंग आहेत, सगळे त्यांच्या घरातले. ती येते कुठून, जाते कुठे, काही नाही. एका ठिकाणी ‘मंदा रडते’ एवढंच लिहिलंय, का रडते ते नाही.

माझी आत्या नाशिकरोडला तीन घरी काम करते. तिला दोन मुली आहेत, मोठी बारावीला. संध्याकाळी घरी आली की आधी पाय धुते आणि मग अर्धा तास कुणाशी बोलत नाही. मी रविवारी तिच्याकडे जातेय. सोमवारी फोन करेन तेव्हा हो-नाहीच्या आधी लेखकांचा नंबर मागणार आहे. मंदा का रडते ते विचारायचंय, आणि त्यांना माहीत नसेल तर मी सांगेन.